तलाठी

आमच्या मळ्यावर गिनी कोंबड्या आल्या त्या अंड्यांच्या रूपात. मामांनी भुश्याच्या डब्यातून आठ अंडी पाठवली होती. गावरान कोंबडीच्या अंड्यापेक्षा जरा लहान, एका टोकाला निमुळती आणि कवचाला अशी टणक, की आजीने एक हातात घेऊन विचारलं, "ही अंडी हाईत का गोट्या?" त्यातून जो नर निघाला, त्याची ही हकिगत.

आजीची काळी कोंबडी तेव्हा खुडूक होती. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत बाहेर येतं, गिनीला 26 ते 28 दिवस लागतात. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली, तर कोंबडीची पिल्लं आधी निघतात, आई त्यांना घेऊन चरायला उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. आजीने गिनीची अंडी आधी रवणाला घातली आणि आठवड्याने चार गावरान अंडी त्यांत सरकवली. पिल्लं निघाली ती एकाच दिवसात पुढंमागं. कोंबडीची पिवळी, गिनीची तपकिरी पट्ट्यांची, लालसर चोचीची. काळीने कुणाला वेगळं मानलं नाही. सगळ्यांवर सारखीच पंख पसरून बसली.

पहिले पंधरा दिवस मात्र जिवाला घोर. गिनीचं पिल्लू ओलाव्याला फार हळवं असतं. काळी आपल्या सवयीने उजाडताच सगळ्यांना दवातल्या गवतात घेऊन गेली आणि गिनीची दोन पिल्लं गारठून गेली. कोंबडीची पिल्लं त्याच गवतातून अंग झाडत परत आली. मग ऊन वर येईपर्यंत आई-पिल्लं डालग्याखाली ठेवायची असं ठरलं. पाण्याच्या ताटलीत खडे घातले, कारण ही पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. खाण्याचीही तीच तऱ्हा. त्यांच्या वाढीला कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, नुसत्या कणीवर भागत नाही. आजोबा वाळवी लागलेलं लाकूड आणून फरशीवर आपटायचे. पांढरी वाळवी सांडली की गिनीची पिल्लं तिच्यावर तुटून पडायची आणि कोंबडीची पिल्लं अजून कुठून काय पडलं ते बघत असायची.

शेवटी गिनी राहिल्या तीन. दोन माद्या आणि एक नर. सुरुवातीला हे कळत नव्हतं, कारण गिनीत नर-मादी दिसायला जवळजवळ सारखेच. ओळखायचं आवाजावरून. 'चक् चक् चक्' असं एकसुरी दोघंही ओरडतात, पण दोन तुकड्यांची, दुसऱ्या तुकड्यावर चढणारी हाक फक्त मादी देते. आजीला ती 'पळ की! पळ की!' अशी ऐकू यायची. तिसरा कधीच तसं म्हणाला नाही, म्हणून तो नर. दोन-अडीच महिन्यांत त्याच्या डोक्यावरची पिसं गेली, हाडाचा टोप वर आला, गालांखाली लाल कल्ले लोंबू लागले. पाठीला पोक काढून, मान पुढं घालून तो सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या बांधावरून फिरायचा. आजी म्हणाली, "आला बघ तलाठी, मोजणीला." तेच नाव राहिलं.

रंगाने तो राखाडी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा. हे पक्षी मूळचे आफ्रिकेतले. ग्रीक कथेत मेलिअ‍ॅगर नावाचा वीर मेला, त्याच्या बहिणींना शोक आवरेना, म्हणून देवीने त्यांचे हे पक्षी केले, असं सांगतात. आजही या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'मेलिअ‍ॅग्रिस' आहेच. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती काढल्या. ठिपक्यांची ती कादंबरी. पण तलाठ्याला शोक वगैरे काही नव्हता. होता तो फक्त राग, आणि तोही आमच्या कोंबड्यावर.

हे भांडण मी वर्षानुवर्षं बघितलं. आमचा कोंबडा तांबडा, भरदार, पंचक्रोशीत कुणाला न हरलेला. कोंबड्यांच्या भांडणाची एक रीत असते. समोरासमोर यायचं, मानेची पिसं फुलवायची, डोळ्याला डोळा द्यायचा, मग उडी. तलाठी समोर यायचाच नाही. उन्हाळा तापला, माद्या अंड्यावर आल्या, की तो अंगणाच्या पार टोकाकडून धावत यायचा, मागून कोंबड्याच्या शेपटीचं पीस उपटायचा आणि तसाच पुढं निघून जायचा. कोंबडा मान फुलवून वळेपर्यंत समोर कुणी नाही. पुन्हा दाणे टिपायला खाली वाकला की पुन्हा धाव. पावसाळा संपेपर्यंत कोंबड्याची ती डौलदार शेपूट बुडख्यावर आलेली असायची. दिवाळीच्या सुमारास तलाठ्याचा ताप उतरायचा आणि दोघं एकाच सावलीत उभे असायचे. हे खुराड्यात घडलं असतं तर कोंबडा जिवानिशी गेला असता. उघड्या अंगणात त्याला पळायला जागा होती, म्हणून फक्त शेपटीवर निभावलं. आम्ही पुढं दाणेही दोन ठिकाणी टाकू लागलो.

कोंबड्यांना तो कधी काही करत नसे. उलट त्यांनी त्याचं ऐकायला शिकून घेतलं. आकाशात घार दिसली की तो मान वाकडी करून एका डोळ्याने वर बघायचा आणि ओरडायचा. कोंबड्या त्या आवाजासरशी पिल्लांना घेऊन तुरीत शिरायच्या. एकदा लाकडांच्या ढिगापाशी तिन्ही गिनी गोल उभ्या राहून घसा फोडत होत्या. जाऊन बघितलं तर मध्ये नाग, फणा काढलेला. त्यांनी जवळही जाऊ दिलं नाही नि दूरही. आजोबा काठी घेऊन येईपर्यंत गोल सुटला नाही.

माद्यांनी अंडी मात्र खुराड्यात कधी दिली नाहीत. कोंबड्या मुकाट्याने टोपलीत बसायच्या, या दोघी घाणेरीच्या जाळीत एकच जागा करून. तलाठी थोड्या अंतरावर इकडंतिकडं बघत उभा, जणू तो सहज आलाय. तो उभा असेल तिथून आजी शोध घ्यायची. सगळी अंडी काढली तर त्या जागा बदलतात, म्हणून ती दोन-चार मागं ठेवायची. ऑम्लेट करताना पातेल्याच्या काठावर दोनदा आपटावं लागायचं.

संध्याकाळी मात्र वाटा वेगळ्या. दिवे लागायच्या आधी कोंबड्या खुराड्याकडं वळायच्या आणि गिनी जांभळावर. पहिल्या पावसाळ्यानंतर तलाठी वर जाऊन बसला तेव्हा काळी बराच वेळ झाडाखाली कुडकुडत फिरली. खुराड्यात शिरायची, पुन्हा बाहेर यायची. पुढं तिने नाद सोडला.

शेजारच्या वस्तीवरच्या नानांनी मात्र सोडला नाही. पहाटे चारला माद्यांचं 'पळ की' सुरू झालं की ते बांधावर येऊन म्हणायचे, "वैनी, ह्ये पाखरू हाय का भोंगा?" आजी त्यांना अंडी द्यायची. आवाज तेवढाच राहायचा.

एका उन्हाळ्यात, सकाळी जांभळाखाली ठिपक्यांची पिसं पडलेली दिसली. रानमांजराचं काम. गिनी खूप वर्षं जगू शकते, पण झाडावर झोपणाऱ्या गिनीचा काय भरवसा. त्यानंतर आजीने माद्यांना सूर्य असतानाच बाजरी दाखवून कोंबड्यांबरोबर कोंडायला सुरुवात केली. महिनाभरात त्या स्वतःहून येऊ लागल्या.

कोंबड्यांत गिनी ठेवायच्या असतील तर अंगण मोठं ठेवा, नर एकच ठेवा, पिल्लं कोंबडीखालीच काढा आणि लहानपणापासून दाण्याची लालूच दाखवून खुराड्याची सवय लावा. आणि पहिलं अंडं आणायच्या आधी शेजाऱ्यांना विचारून घ्या.