मल्हारगंजातून 'इंडियन ओशन'

'इंडियन ओशन' हा बँड ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं दिल्ली-मुंबईतल्या चाहत्याला विचारलं तर तो बहुतेक 'बंदे'चं नाव घेईल. इंदूरच्या माणसाने मात्र 'मा रेवा'पासून सुरुवात करावी. कारण साधं आहे: आमच्याकडे रेवा, म्हणजे नर्मदा, नळाने येते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी उपसायचं, विंध्याचा चढ चढवायचा आणि इंदूरला आणायचं, ही योजना १९७८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मल्हारगंजातल्या बायका नळाच्या पाण्याला पाणी म्हणत नाहीत. "आज नर्मदा आहे की उद्या?" असं एका गच्चीवरून दुसरीला विचारलं जातं. नर्मदा आली की मोटार सुरू, पिंपं भरायची घाई, आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात घरात दुसरं काही होत नाही.

अशाच एका नर्मदेच्या दिवशी दादाने राजवाड्याकडच्या दुकानातून 'कंदिसा'ची कॅसेट आणली. टाइम्स म्युझिकने ती २००० मध्ये काढली होती. आबा बाहेरच्या खोलीत झोपाळ्यावर. त्यांच्या लेखी गाणं देवासला संपत होतं. कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, समोर बसून ऐकलेल्या पिढीतले ते. गिटार सुरू झाली तेव्हा त्यांनी पेपर वर केला, तो खाली घेतलाच नाही. मग नर्मदेची स्तुती सुरू झाली, आणि पेपर खाली आला.

"हे तर आपल्या घाटांवरचं रे," ते म्हणाले. "पण तबल्यावर कोण आहे?"

तबल्यावर असीम चक्रवर्ती होता. बँडच्या गाण्याला घातलेली पहिली हाक तबलजीच्या नावाने असावी, हे आबांना शोभणारंच. पण मला आज वाटतं, या बँडबद्दल विचारायचा पहिला प्रश्न खरंच तोच आहे.

नर्मदेकाठचं गाणं दिल्लीच्या बँडकडे पोचलं कसं, याचं उत्तर बासगिटार वाजवणाऱ्या राहुल रामकडे आहे. आयआयटी कानपूरला रसायनशास्त्र, मग अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएच.डी., आणि परत आल्यावर थेट नर्मदा बचाव आंदोलन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. अलिराजपूर तेव्हा झाबुआ जिल्ह्यातच होतं, पलीकडे महाराष्ट्रातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात जाणार म्हणून पेटलेलं होतं. त्या खोऱ्यातल्या मोर्च्यांत आणि मुक्कामांत जी गाणी त्याच्या कानावर पडली, त्यांतलीच 'मा रेवा' आणि 'चीतू'. 'चीतू' हे अलिराजपूरकडच्या एका आदिवासी वीराचं, इंग्रजांच्या काळातल्या बंडाचं गाणं. या दोन गाण्यांना दिल्लीत बसून कुणी 'फोक' म्हणो. आमच्यासाठी ती दीड-दोनशे किलोमीटरच्या आतली गाणी आहेत.

आता फंकची गोष्ट. या बँडवर लेबलं फार लागली: फ्यूजन, रॉक, जॅझ, काय वाट्टेल ते. पण कमरेला हलवणारी जी गोष्ट आहे ती फंकच आहे, आणि ती राहुलच्या बासमध्ये आहे. जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर सगळा भार टाकायला लावला आणि त्यातून फंक उभं राहिलं. आपल्याकडे समेचं महत्त्व कुणाला शिकवावं लागत नाही. 'मा रेवा'त बास आणि तबला त्या एका ठोक्यासाठी लांबून लांबून चालत येतात, आणि भेटतात तेव्हा आबांसारख्या माणसाचीही मान हलते. अमेरिकेत ड्रमकिटवर जे घडलं, ते इथे तबल्याच्या चाटेवर घडतं. म्हणून तबलजी कोण, हा प्रश्न बरोबर.

'कंदिसा'त एकूण सात गाणी. 'हिल्ले ले' आंदोलनाच्या घोषणेसारखं चढत जातं. 'खजुराहो' ऐकताना खजुराहो दिसत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. शीर्षकगीत केरळच्या सुरयानी ख्रिश्चनांच्या प्रार्थनेवर उभं आहे. भाषा अरामी कुळातली, म्हणजे येशूच्या बोलीची नातलग. आईला ते इतकं आवडलं की देवापाशी दिवा लावताना ती तीच कॅसेट लावायला सांगायची. शब्द कळत नव्हते, आणि त्याची तिला गरजही वाटली नाही. या बँडकडे येणाऱ्या नवख्या माणसाने हा अल्बम आधी ऐकावा, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

मात्र बँड कळायचा असेल तर 'डेझर्ट रेन'ला पर्याय नाही.

बँड १९९० चा. सुश्मित सेनची गिटार आणि असीमचा तबला-गळा ही मूळ जोडी. राहुल पाठोपाठ आला, ड्रमवर अमित किलम १९९४ मध्ये. एचएमव्हीने १९९३ मध्ये त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम काढला. तो ऐकावा, पण उत्सुकतेपोटी. कल्पना सगळ्या तिथे आहेत, स्टुडिओची भीती मात्र गेलेली नाही. ती गेली 'डेझर्ट रेन'मध्ये, कारण तो स्टुडिओत झालाच नाही. पथनाट्यकार सफदर हाश्मीच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था दरवर्षी १ जानेवारीला दिल्लीत कार्यक्रम करते; तिथे उघड्यावर वाजवलेलं हे रेकॉर्डिंग १९९७ मध्ये बाहेर आलं. गाण्यांत शब्द फार कमी. सुश्मितची गिटार कॉर्ड वाजवून साथ करत बसत नाही. मोकळ्या तारा घुमत ठेवून ती सरोदीयासारखी स्वरामागून स्वर काढते, आणि खाली बास आपली चाल सोडत नाही. लोक खोकतात, कुणी ओरडतं, वाजवणारे मध्येच एकमेकांना जागा करून देतात. हे ऐकल्यावर बाकीचे अल्बम थोडे विंचरलेले वाटतात. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा अल्बम, लोकप्रियतेत 'कंदिसा' पुढे असला तरी.

त्या काळातल्या मैफिलींत ते 'बोल वीव्हिल'ही वाजवायचे. अमेरिकेतल्या कापसावर पडणाऱ्या किडीचं हे जुनं लोकगीत. निमाडच्या कापसाच्या गाठी ज्यांनी छावनीच्या बाजारात पाहिल्या आहेत, त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. फंकचं आजोळ अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत, हेही त्या निमित्ताने ध्यानात येतं.

'झिनी' २००३ चा. शीर्षकगीत कबीराचं. इथे माळव्यातला श्रोता जरा अवघड गिऱ्हाईक आहे. देवासच्या टेकडीखाली कुमारजींनी नाथपंथीयांची निर्गुणी गाणी ऐकली आणि मंचावर आणली. आजही उज्जैन-शाजापूरकडे प्रल्हादसिंह टिपानियांचा तंबुरा वाजला की गावं जमतात. अशा ठिकाणी बासगिटारवरचा कबीर घेऊन येणं धाडसाचं. आबा 'झिनी' ऐकून एवढंच म्हणाले, "चाल बरी आहे, घाई आहे." मला घाई वाटत नाही. मला वाटतं असीमचा आवाज इथे पहिल्यांदा पूर्ण मोकळा झाला: खरखरीत, पोटातून येणारा, सुराला धरून पण सुराच्या पाया न पडणारा. याच अल्बमात 'नम म्यो हो' आहे, बौद्ध जपावर बांधलेलं. ते मी पुष्कळदा ओलांडून पुढे जातो.

मग 'ब्लॅक फ्रायडे'. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यपचा चित्रपट न्यायालयात अडकला आणि २००७ च्या फेब्रुवारीपर्यंत पडद्यावर आला नाही. गाणी मात्र आधीच सुटली. पीयूष मिश्रांच्या शब्दांवरचं 'बंदे' त्यामुळे चित्रपटाशिवायच घरोघर पोचलं. ज्यांनी बँडचं हे एकच गाणं ऐकलं आहे असे लोक मला सराफ्यात, कचेरीत, रेल्वेत भेटतात आणि सगळे ती सुरुवातीची गिटार तोंडाने वाजवून दाखवतात. गाणं थोर आहे, वाद नाही. पण 'ब्लॅक फ्रायडे' ऐकायचा तो पार्श्वसंगीतासाठी. जुन्या शब्दहीन 'इंडियन ओशन'ची सवय तिथे कामी आली आहे. चित्रपटांचं काम पुढेही चाललं. २०१० च्या 'पीपली लाइव्ह'च्या गीतकारांत स्वानंद किरकिरे आहेत, म्हणजे आमचे इंदूरचे. आईवडील दोघेही गाणारे आणि कुमारजींच्या शिष्यवर्गातले. २०१५ च्या 'मसान'मध्ये वरुण ग्रोव्हरचे शब्द आहेत, आणि एका गाण्यामागे दुष्यंतकुमारांची ओळ. 'मसान'मध्ये बँडचा आवाज बराच मऊ झालेला ऐकू येतो. तो चित्रपटाला मानवतो.

त्यांना प्रत्यक्ष ऐकलं ते इंदुरातच, एका कॉलेजच्या मैदानावर. व्यवस्था यथातथाच. स्पीकर पहिल्या दोन गाण्यांत घोगरे झाले, बासचं गुरगुरणं तेवढं पोटात लागत होतं. मागे पोरं 'बंदे, बंदे' ओरडत होती. मग 'मा रेवा' सुरू झालं आणि गर्दीच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी मोठ्याने "नर्मदे हर!" केलं. परिक्रमावासी एकमेकांना घालतात ती हाक. तिला उत्तर द्यायचं असतं, ते इथे कुणालाही ठाऊक आहे, आणि साऱ्या मैदानाने ते दिलं. शेजारचा एक पोरगा मित्राला म्हणाला, "भिया, ये तो अपने नल वाली है!" दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाला हा विनोद कळणार नाही. बँडलाही कळला असेल की नाही, कोण जाणे. त्यांनी आवर्तन मात्र नेहमीपेक्षा लांबवलं.

त्या मंचावर असीम नव्हता. २००९ च्या २५ डिसेंबरला तो गेला. त्याच्या जागी एक माणूस आणता येईना. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गळ्याला हिमांशू जोशी, असे दोघे आले.

असीमचा शेवटचा आवाज '१६/३३० खजूर रोड'मध्ये आहे. हा पत्ता दिल्लीच्या करोलबागेतल्या जुन्या बंगल्याचा. बँड तिथे वर्षानुवर्षं रियाज करायचा. गाणी असीमच्या हयातीत रेकॉर्ड झाली होती. २०१० मध्ये बँडने ती विकली नाहीत. दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर फुकट सोडलं, अशी सात. कंपन्यांच्या करारांना कंटाळलेल्या लोकांचा हा निर्णय होता, आणि त्या काळात आपल्याकडे तो नवाच होता. 'शून्य', 'चाँद', बंगालीतलं 'बोंध', नून मीम राशिद यांच्या नज्मेवरचं 'डरते हो'. महिनाभर एकच गाणं हाताशी असल्यामुळे ते झिजेपर्यंत ऐकलं जायचं. आज सातही एका दमात वाजतात आणि माझ्या पुतणीला ती 'सगळी सारखीच' वाटतात. तिला मी महिन्याला एक ऐकण्याचा सल्ला दिला आहे. तिने तो अर्थातच मानलेला नाही.

त्याच वर्षी जयदीप वर्मांचा बँडवरचा 'लीव्हिंग होम' हा माहितीपट चित्रपटगृहांत आला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चौघे त्या बंगल्यात बसून भांडतात, हसतात, वाजवतात. अल्बमांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत काय चाललं होतं, ते त्यातून कळतं.

२०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला आणि निखिल राव गिटारला आला. २०१४ च्या 'तंदानू'त पाहुण्यांची रांग आहे: शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विशाल दादलानी, कर्ष काळे, विश्वमोहन भट्ट आणि आणखी काही. शंकर महादेवनसोबतचं शीर्षकगीत मस्त आहे, पायाला स्वस्थ बसू देत नाही. पण घरात इतके पाहुणे असले की घरच्यांचं बोलणं होत नाही. मोकळ्या तारांची ती घुमणारी गिटार गेली आहे, निखिलची सफाईदार गिटार तिची नक्कल करत नाही हे त्याचं शहाणपण. २०२३ चा 'तू है' मला 'तंदानू'पेक्षा जास्त आवडला, कारण तिथे बँड पुन्हा आपसात वाजवतो.

तेव्हा नव्याने ऐकणाऱ्याने असं करावं. पहिल्यांदा 'मा रेवा', चांगल्या स्पीकरवर, कारण फोनच्या आवाजात बास मरते आणि मग या बँडमध्ये अर्धंच काही उरतं. त्यानंतर बाकीचा 'कंदिसा'. मग एक संध्याकाळ मोकळी काढून 'डेझर्ट रेन' मध्ये न थांबता. 'खजूर रोड' त्यानंतर, 'झिनी' कबीर आधी कुमारजींकडून ऐकून झाल्यावर, आणि 'तंदानू' शेवटी, तोही जमला तर. 'बंदे' या यादीत घातलेलं नाही. ते तुम्ही ऐकलेलं असणारच.