कोपराचा धक्का

प्रिय मावशी,


तुझं ‘मादाम बोव्हारी’ अखेर वाचून झालं. कॉलेजात असताना अर्ध्यावरच परत आणून दिलं होतं, ‘असली आई असते का कुठे?’ म्हणून तणतणत. तू एवढंच म्हणालीस, ‘शेवटपर्यंत वाच, मग बोलू.’ आणि माझ्या लग्नाच्या सामानात ते पुस्तक गुपचूप घातलंस.

मी अडले ते पान तुला आठवत असेल. विणलेले बूट घातलेली छोटी बर्थ डुगडुगत आईकडे, एमाकडे येते, तिच्या एप्रनचे बंद धरू बघते. एमा तिला दूर हो म्हणते. पोर पुन्हा येते. मग एमा कोपराने ढकलते. बर्थ खणांच्या कपाटापाशी पितळेवर आपटते, गालातून रक्त येतं. नवऱ्याला सांगायचं काय, तर खेळताना पडली. शार्ल गालावर पट्टी लावतो. पुढे निजलेल्या लेकीकडे बघताना एमाच्या मनात येतं, किती कुरूप आहे ही! तिथे मी पुस्तक मिटलं.

गेल्या महिन्यात ऑफिसचं काम घरी घेऊन बसले होते. लेक चित्र दाखवायला आली, पुन्हा आली, तिसऱ्यांदा आली. ‘नंतर!’ म्हणून मी अशी ओरडले की तिने खाली बसून एकेक खडू डबीत भरला, जराही आवाज न करता. त्या रात्री पुस्तक काढलं.

फ्लोबेरने हे पुस्तक लिहायला जवळपास पाच वर्षं घेतली, रूआंजवळ क्रोआसेच्या घरी, वाक्यं मोठ्याने म्हणून पारखत. १८५७ साली नीती आणि धर्माला बाधा आणल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. ७ फेब्रुवारीला तो निर्दोष सुटला. मी मात्र एमाला इतकी वर्षं सोडलं नव्हतं. त्या पानावर फ्लोबेर तिला दोषही देत नाही आणि तिची बाजूही घेत नाही. तेव्हा मला हा त्याचा कोरडेपणा वाटला होता. आता वाटतं, तो तिच्याजवळून हललाच नाही.

आणि शार्ल! त्या मठ्ठ माणसाकडे मी बघितलंच नव्हतं गं. एमा गेल्यावर तो बर्थची मोडकी खेळणी दुरुस्त करतो, पुठ्ठ्याची माणसं करून देतो, बाहुल्यांची फाटलेली पोटं शिवतो. शेवटी एका संध्याकाळी बर्थ त्याला जेवायला बोलवायला बागेत येते. तो बाकावर बसलेला, हातात एमाच्या केसांची बट. बाबा खेळतायत असं वाटून ती त्याला हळूच ढकलते. तो खाली पडतो. गेलेला असतो.

हा दुसरा धक्का वाचायला मला इतकी वर्षं लागली. सगळं विकून उरतात १२ फ्रँक ७५ सांतीम, तेही बर्थला आजीकडे पोचवण्यात जातात. आजी त्याच वर्षी वारते आणि पोर सूतगिरणीत कामाला लागते.

रविवारी येतेय. लेकीलाही आणते. तिचं ते चित्र तुला दाखवायचंय, आणि मग आपण बोलू.

तुझी,
बेबी