सामू, मुक्काम पडेगाव

छावणी ओलांडून दौलताबादच्या वाटेला लागलं की पडेगाव येतं. तिथल्या शिवारातल्या एका हट्टी असामीची ओळख करून देतो. कॉलेजात त्याला पीएच म्हणतात, माती परीक्षणाच्या कागदावर सामू. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या घरी, सोरेनसेन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं. मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र तो अस्सल गाववाला झाला.

बोलणं मोजकं. साडेसात, आठ, सव्वाआठ. याच्या पुढेमागे सहसा जात नाही. पण त्याचा आकडा छोटा समजू नका. सातावरून आठावर सरकला की हायड्रोजन आयन दहा पटींनी घटलेले असतात.

स्वभाव कंजूष. मोसंबीच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसली, की शेतकरी म्हणतो, केवडा पडला. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू ते मुळांच्या हाती लागू देत नाही. हिराकस मातीत टाकलं तर तेही गिळून बसतो. म्हणून ते पानांवर फवारावं लागतं. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद तो कॅल्शियमच्या गळ्यात बांधतो. युरियाशी तर त्याचं उघड वैर. वरच्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया करून हवेत सोडून देतो. युरिया मातीआड केला तरच त्याचा हात आवरतो.

एवढा माज कशाच्या जोरावर? चुनखडीच्या. आम्ल आलं की चुना पुढे होतो, स्वतः विरघळतो आणि सामूला जागचा हलू देत नाही. गंधक घालून त्याला खाली आणू म्हणणाऱ्यांनी एकदा हिशेब करावा. हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात माती सुमारे 20 लाख किलो. त्यात चुना 5 टक्के धरला तर 100 टन. तेवढा संपवायला गंधक लागेल 32 टन! अशा माणसाशी भांडण परवडत नाही.

तरी तो निर्दय नाही, आणि मला त्याचा हाच गुण फार आवडतो. शेणखत घाला, ताग किंवा धैंचा पेरून गाडा. जिवाणू आणि मुळं श्वास सोडतात, त्या कार्बन डायऑक्साइडचं मातीच्या ओलाव्यात सौम्य आम्ल होतं आणि मुळांजवळ सामू थोडा नरमतो. लोह, स्फुरद थोडंथोडं मोकळं करतो.

साडेआठाच्या वर गेला तर मात्र सोडियमची संगत लागल्याचा संशय घ्यावा. ती जमीन चोपण. तिथे जिप्सम कामाला येतं. निव्वळ चुनखडीच्या रानात जिप्समवर पैसे घालू नयेत.

बाग लावायची असेल तर आधी तीन फूट खड्डा घ्या आणि फूटफुटाची माती वेगवेगळी तपासायला द्या. नुसता सामू विचारू नका, मुक्त चुनाही विचारा. तो 10 टक्क्यांच्या वर निघाला तर तिथे मोसंबी लावू नका.