शुश्रूषेचा ताळेबंद

भिवंडी परिसरात ज्यांची गोदामे आहेत, त्यांना माथाडी मंडळाची लेव्ही परिचयाची आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे नोंदणीकृत हमालाला मजुरीसोबत भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा असे लाभ मिळू लागले. पाठीवर गोणी वाहणाऱ्यालाही म्हातारपण येते, हे व्यापाऱ्यांच्या वह्यांनी मान्य केले.

कोन येथील आमच्या घरी आईची शुश्रूषा करणाऱ्या ताईंना मात्र यांपैकी काहीच नव्हते. ब्यूरोमार्फत येणे, बारा तासांची पाळी. आईला उचलताना त्यांच्या पाठीत उसण भरली. चार दिवस खाडा झाला, तेवढी मजुरी ब्यूरोने कापली. औषधपाणीही त्यांच्याच पदरचे. गोणी उचलणाऱ्याला संरक्षण आणि माणूस उचलणाऱ्याला नाही, हा ताळेबंद मला जुळेना.

ब्यूरोने दाद दिली नाही, तेव्हा बँकेतील अनुभव कामी आला. ताईंच्या बचत खात्यावर पंतप्रधान जीवनज्योती विमा (वार्षिक ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (२० रुपये) सुरू केला. पहिल्यात मृत्यूनंतर, दुसऱ्यात अपघातासाठी, दोन लाखांपर्यंत संरक्षण आहे. वय चाळिशीच्या आत असल्याने अटल पेन्शनचा अर्जही भरला. हप्ते आम्ही भरतो. आजारपणातील खाड्याची मजुरी या योजनांतून मिळत नाही. तीही आम्हीच देतो.

आपल्या घरी असे कोणी शुश्रूषेस येत असेल, तर यंदाच्या वहीपूजनापूर्वी त्यांचेही खाते तपासावे. सेवेचे मोल होत नाही, असे आपण म्हणतो. मजुरीचे मात्र करता येते.