एक हजारचा स्पीड

पेंटॅक्स के-१००० या कॅमेऱ्यात जवळजवळ काहीच नाही. ऑटोफोकस नाही, सेल्फ टायमर नाही, चालू-बंद करायचं बटणसुद्धा नाही. लाइटमीटरला एक छोटा सेल लागतो, पण तो संपला तरी शटर चालत राहतं, कारण आतला सगळा कारभार स्प्रिंगा आणि दातेरी चक्रांचा आहे. १९७६ साली हा कॅमेरा जपानमध्ये बनायला लागला. पुढे तो हाँगकाँगमध्ये आणि मग चीनमध्ये बनला, १९९७पर्यंत. म्हणजे आज मिळणारा सगळ्यात तरुण के-१००० सुद्धा पंचविशी ओलांडलेला आहे. तो कुणाकडे होता, किती पावसाळे बंद कपाटात पडून होता, कितीदा हातातून निसटला, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते त्यालाच विचारावं लागतं.

मला हाच हवा होता, कारण बाबांकडे हाच होता. बार्शीत त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट साइझ. डिजिटल आलं तेव्हा काही वर्षं त्यांनी तेही केलं, मग शटर खाली ओढलं ते कायमचं. के-१००० त्याच्याही आधी विकला होता. किती रुपयांना, ते आजवर सांगितलेलं नाही. गेली चारेक वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. टीव्हीचा आवाज वाढत गेला आणि फोनवरचं बोलणं आटत गेलं. मी फोन केला की दोन वाक्यांत ते आईकडे देतात. ‘कान तपासून घ्या’ म्हटलं की, ‘त्यात काय तपासायचंय, वय झालं,’ म्हणून विषय संपतो.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जुने कॅमेरे मिळतात. तिथल्या एका दुकानात हा दिसला. साडेसात हजार, सात दिवसांची चेकिंग वॉरंटी. काउंटरवर पंधरा मिनिटांत जे बघता येतं ते बघून घेतलं. तुम्ही कधी घेणार असाल तर एवढं तरी करा.

आधी लेन्स. फोनचा टॉर्च एका बाजूनं मारायचा आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या हवेत ती हमखास असते आणि वाढत जाते. थोडी धूळ चालते. मग सेलची जागा. झाकण उघडून आत हिरवट-पांढरा थर आहे का ते बघायचं. त्यानंतर मागचं दार उघडून शटरचे कापडी पडदे उजेडासमोर धरायचे. भोकं असतील तर ठिपके चमकतात. शेवटी दाराच्या खाचेतला काळा फोम. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून तो असतो. मी टूथपिक टोचली, तर ती डांबरात घातल्यासारखी वर आली. याला पर्याय नाही, फोम बदलावाच लागतो. ते दाखवल्यावर पाचशे कमी झाले.

मग स्पीड. एक सेकंदावर लावून दाबलं की पडदा उघडा राहिलेला डोळ्यांना दिसतो. फोनवर आवाज रेकॉर्ड केला तर उघडल्याचा आणि मिटल्याचा असे दोन उंचवटे आलेखात दिसतात, त्यांच्यातलं अंतर मोजता येतं. माझा एक सेकंद जवळपास सव्वा सेकंदाचा निघाला, बाकीचे सावकाश स्पीड ठीक होते. पण १/५०० आणि १/१००० मध्ये काय चाललंय, हे फोनला नीट कळत नाही. ते फिल्मलाच विचारावं लागतं. रंगीत रोल लॅबला पाठवून स्कॅन येईपर्यंत सात दिवस संपले असते. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट एचपी-५ चा रोल घेतला आणि रात्रीच्या गाडीनं बार्शी गाठली. बाबांची रोल धुवायची टाकी माळ्यावर होती, हे मला माहीत होतं.

बाबांनी कॅमेरा हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि शटर दाबलं. परत दाबलं. मग त्यांनी तो गालाच्या हाडाला टेकवला आणि एकेक स्पीड लावत गेले. टिचकीचा बारीक आवाज त्यांना येत नव्हता. सावकाश स्पीडची आतली चक्रं फिरतात, त्यांची घरघर मात्र हाडातून जाणवत होती. “सेकंदाला दमतंय,” ते म्हणाले. मी आलेख दाखवलाच नव्हता.

पुढची कसोटी त्यांनीच सांगितली. उन्हातली एकच पांढरी भिंत, उजेड तोच, आणि प्रत्येक वेळी जोडी अशी की फिल्मवर तेवढाच प्रकाश पडावा. १/१००० ला एफ-११, १/५०० ला एफ-१६, १/२५० ला एफ-२२. मग सावलीतली भिंत घेऊन खालचे स्पीड. प्रत्येक फ्रेम वहीत लिहायची. सगळे स्पीड खरं बोलत असतील तर निगेटिव्हवर सगळ्या भिंती सारख्याच काळ्या यायला हव्यात. यात बारा फ्रेम गेल्या. उरलेल्या चोवीसमध्ये आई, अंगण, भगवंत मंदिराकडे जाणारा रस्ता.

रात्री बाबा बाथरूममध्ये दिवा घालवून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून बसले आणि अंधारात रोल चक्रीवर चढवला. मी बाहेर उभी होते. दोन मिनिटांत, “लाव दिवा!” एप्रिल होता, नळाचं पाणी कोमट आणि डेव्हलपरला हवं २० अंश. माठातलं पाणी आणि बर्फ घालून ते जमवलं. साडेसात मिनिटं. मी फोनवर टायमर लावला, पण त्याची पीप त्यांना ऐकू येणार नव्हती. ते भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी करत राहिले. हायपोचा आंबट वास घरभर झाला. “किती वर्षांनी!” आई म्हणाली आणि खिडक्या उघडायला गेली.

सकाळी वाळलेला रोल फोनच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरून बघितला. अकरा भिंती बऱ्यापैकी सारख्या होत्या. १/१००० ची भिंत एका कडेला विरत जाऊन काचेसारखी पारदर्शक झाली होती. “मागचा पडदा पुढच्याला गाठतोय,” बाबा म्हणाले. एवढ्या वेगात दोन पडद्यांमधून एक चिंचोळी फट सरकत जाते. मागचा पडदा पुढच्यापेक्षा जोरात पळाला तर फट शेवटापर्यंत पोचायच्या आतच मिटते आणि तिथल्या फिल्मला उजेडच मिळत नाही.

दुकानदाराला फोन केला. “आणून द्या, दुरुस्त करतो, नाहीतर पैसे परत,” तो म्हणाला. वॉरंटीचे तीन दिवस उरले होते. मी बाबांना विचारलं.

“उघडू नको. फोम मी बदलून देतो. ४०० च्या फिल्मला भर उन्हात पाचशे आणि सोळा चालतंय. हजार लागतंय कुणाला?” त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा कॅमेऱ्याच्या बुडाला लावला आणि पेनानं लिहिलं : १००० सोडून सगळं चालू.

त्या रात्री जेवताना ते स्वतःहून म्हणाले, “ते कानाचं कुठं तपासतात म्हणालीस?”

“सोलापूरला.”

“जाऊ. कुठला स्पीड गेलाय ते तरी कळेल.”

सोलापूरला बंद खोलीत हेडफोन लावून त्यांना एकेक आवाज ऐकवला. कागदावर आलेख आला. खालचे, जाडे सूर जवळजवळ शाबूत, बारीक सूर मात्र उतरणीला लागलेले. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं, की स, श, फ ही अक्षरं त्याच बारीक सुरांत असतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बाबांनी तो कागद उजेडासमोर धरून बराच वेळ निगेटिव्हसारखा बघितला. मग, “म्हणजे अगदीच गेलेला नाही,” एवढंच म्हणाले.

कानाचं मशीन पंधरा दिवस वापरून बघायला मिळालं. बाबांनी भिंतींच्या वहीतच पुढचं पान घेतलं. काल आईनं त्याचा फोटो काढून मला पाठवला. १. टीव्ही : चालू. २. कुकरची शिट्टी : फार. ३. शेजारच्यांचं भांडण : चालू. ४. फोन : आज करून बघणे. ५. वरातीचा बँड : बंद करून ठेवणे. सहाव्या ओळीत ‘शटर’ लिहिलंय आणि पुढची जागा मोकळी आहे. त्याखाली, त्याच अक्षरात : कॅमेरा घेऊन ये.