लपायला दोन जागा

कॉर्न स्नेकचे पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा पेन्सिलीहून बारीक असते. लांबी वीतभर किंवा थोडी अधिक, वजन सहा-सात ग्रॅम. उन्हाळा कलू लागला की अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीच्या पाइन वनांपासून फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकावरील बेटांपर्यंत, ही पिले कुजक्या ओंडक्यांतून आणि पालापाचोळ्याच्या ढिगांतून बाहेर पडू लागतात. आई अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. शिकवायला कोणी नसते. वरून जे मोठे काही येईल ते आपल्याला खायलाच येत आहे, एवढे मात्र पिलाला जन्मतःच ठाऊक असते. पक्षी, रॅकून, दुसरे साप यांच्यात जगायचे तर एवढे ज्ञान पुरते. पाळणाऱ्याच्या पेटीत जन्मलेले पिलूही तेच घेऊन येते, आणि त्याची सगळी देखभाल या भीतीपासून सुरू होते.

लिनिअसने 1766 मध्ये या सापाचे शास्त्रीय वर्णन केले. महाराष्ट्रात अडगळीत, बागेत, कौलांखाली सापडणारा तस्कर हा त्याचा दूरचा नातलग. पूर्वी दोघांना ‘इलाफे’ या एकाच प्रजातीत धरत. दोघेही बिनविषारी, विळखा आवळून भक्ष्य मारणारे, उंदरांवर पोसणारे. भारतात रानातला साप पकडून घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे: रानात वाढलेल्या सापाला पेटी कधीच मानवत नाही. पाळले जाणारे कॉर्न स्नेक बहुतांशी कित्येक पिढ्या माणसांच्या घरात वाढलेले असतात.

पेटी पिलू येण्याआधी तयार हवी, निदान दोन दिवस चालवून पाहिलेली. पिलाला मोठी, मोकळी पेटी आवडेल हा समज दयाळूपणाचा असला तरी चुकीचा आहे. उघड्यावर पिलू घाबरते. लहान पेटी किंवा भरपूर झाडोरा, सालींचे तुकडे आणि आडोसे असलेली मध्यम पेटी त्याला बरी. झाकणाला कडी लागतेच. जिथून डोके जाते तिथून पुढचा सारा साप जातो, आणि या पिलाचे डोके शेंगदाण्याएवढेही नसते. तळाला सुरुवातीला साधा टिपकागद, पुढे अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा. देवदार आणि पाइनचा भुसा वर्ज्य, कारण त्यांच्या उग्र तेलांचा सापाच्या श्वसनाला त्रास होतो. पाण्याचे भांडे जड आणि उथळ, पाणी रोज ताजे.

सापाला स्वतःची उष्णता निर्माण करता येत नाही, ती जागा बदलून मिळवावी लागते. म्हणून पेटीची एक बाजू 29 ते 31 अंश सेल्सिअस, तर दुसरी 22 ते 24 अंशांच्या आसपास ठेवतात. खालून तापवणाऱ्या पट्टीला थर्मोस्टॅट नसेल तर ती बसवूच नये. तापत्या पृष्ठभागावरून साप वेळेवर उठेल याचा भरवसा नसतो आणि पोट भाजते. आता लपण्याच्या जागेचे. पुष्कळ जण एकच सुंदर गुहा आणतात आणि मधोमध ठेवतात. लागतात दोन: एक उबेच्या टोकाला, एक गारव्याच्या. आडोसा फक्त गार बाजूला असेल तर घाबरट पिलू तिथेच दडून राहते, ऊब घ्यायला बाहेर येत नाही आणि पोटातला उंदीर पचवू शकत नाही. ऊब आणि अभय यांतले एक निवडण्याची पाळी त्याच्यावर येता कामा नये. दोन्ही जागा घट्ट हव्यात, वेटोळे घातल्यावर अंगाला सगळीकडून भिंत लागेल अशा.

पिलू आत सोडल्यानंतरचा आठवडा त्याला एकट्याला द्यावा. हातात घेणे नाही, गुहा उचलून पाहणे नाही, पाहुण्यांना दाखवणे नाही. पाणी बदलावे, तापमान पाहावे, हात काढून घ्यावा. याच आठवड्यात माणसाला सर्वांत जास्त उत्सुकता असते, म्हणून हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. पिलू या काळात रात्री फिरते. जीभ बाहेर काढून हवेतले कण गोळा करते, ते टाळूतल्या जेकबसन इंद्रियापाशी नेते आणि नव्या जागेची ओळख करून घेते. ते दिसत नाही म्हणजे आजारी आहे असे नव्हे.

मग पहिला घास. केस न आलेले, डोळे न उघडलेले उंदराचे पिलू, ज्याला व्यापारात ‘पिंकी’ म्हणतात. गोठवलेले पिंकी फ्रिजमध्ये सावकाश वितळवून, पिशवीत घालून कोमट पाण्यात ऊबदार करावे. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. चिमट्याने पुढे धरावे किंवा संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी ठेवून निघून जावे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढे, फार तर दीडपट. पाच ते सात दिवसांतून एकदा पुरते. पिलाने एकदा नाकारले तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे. गिळलेले ओकून टाकले तर मात्र किमान दहा दिवस काही देऊ नये आणि तापमान पुन्हा तपासावे, कारण ओकण्याबरोबर पोटातले पाचक द्रव्यही जाते. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नये. हे सारे वहीत टिपून ठेवावे: तारीख, काय खाल्ले, विष्ठा कधी, कात कधी.

वाढत्या वयात कात साधारण महिना-दीड महिन्याला पडते. आधी रंग मळकट होतो, मग डोळ्यांवर निळसर दूध पसरते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. जुन्या-नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो, तेच हे दूध. या दिवसांत पिलाला अंधुक दिसते, ते चटकन डसायला धावते आणि सहसा खात नाही. पेटीत ओलसर शेवाळाची एक डबी ठेवली की कात सुटायला मदत होते. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि तीन-चार दिवसांनी पिलू ओठ खरबरीत सालीवर घासून कात उलटी करत पुढे निघून जाते. मागे राहिलेल्या कातीत डोळ्यांच्या दोन गोल चकत्या आहेत ना, हे पाहावे. चिकटून राहिलेली चकती ओढून काढू नये.

कात उजेडाकडे धरली तर खवला न् खवला दिसतो, पण सापाचे लालसर तेज तिच्यात नसते, फार तर नक्षीची पुसट सावली. रंग खालच्या, न पडणाऱ्या थरातल्या पेशींत असतो. जॉर्जिया राज्यातल्या व्हॅलडोस्टा गावचे डॉ. बर्नार्ड बेक्टेल हे पेशाने त्वचारोगतज्ज्ञ. माणसांच्या त्वचेचा हा वैद्य सापांच्या त्वचेकडेही त्याच लक्षाने पाहत असे. काळे रंगद्रव्य अजिबात नसलेल्या एका कॉर्न स्नेकपासून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी संकर केले. पहिल्या पिढीत सगळी पिले नेहमीच्याच रंगाची. त्या पिलांचा आपसात संकर केल्यावर वर्णहीनता पुन्हा उघडी पडली, मेंडेलच्या हिशोबाने चारांत एक. 1962 मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. तिथून पुढे माणसांनी या सापाचे रंग वेगळे काढायला सुरुवात केली. काळा काढला की नारिंगी अंगावर लाल डोळे उरतात. लाल काढला की राखाडी. दोन्ही काढले की गुलाबीसर पांढरा ‘स्नो’. आज असे प्रकार मोजता मोजता दमछाक होते. तरीही साउथ कॅरोलिनाच्या जॅस्पर परगण्यातल्या ओकीटी शिकारी क्लबच्या रानातला मूळचा साप, ज्याची कीर्ती स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाच्या कार्ल कॉफेल्ड यांनी 1957 च्या पुस्तकातून पसरवली, तो या साऱ्यांहून देखणा आहे: गडद नारिंगी अंग, त्यावर तांबडे डाग आणि प्रत्येक डागाला जाड काळी किनार. ती किनारच काढून टाकणे ही रुची समजणे कठीण जाते. पिलात हे वैभव अजून नसते. ते करड्या रंगाचे, तपकिरी डागांचे असते. नारिंगी हळूहळू वर येतो आणि त्याला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून पिलू रंगावरून निवडू नये, खाण्यावरून निवडावे. सलग काही वेळा नियमित खाल्लेले पिलू, मग रंग कोणताही असो.

तीन-चार वेळा नीट खाल्ले की हाताळणी सुरू करता येते. वरून झडप घालू नये, बाजूने हात आणावा, मधले अंग उचलावे आणि पिलाला बोटांतून वाहू द्यावे. पाच मिनिटे पुष्कळ झाली. शेपूट थरथरवून ते खुळखुळ्या सापाचा आव आणेल, कदाचित चावेलही. त्या चाव्याने खरचटण्याइतकेही होत नाही. आधी हात धुवावेत, कारण उंदराचा वास असलेले बोट त्याला उंदीरच वाटते. नंतरही धुवावेत, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊ नये. सोबतीला दुसरे पिलू कधीही ठेवू नये, कॉर्न स्नेक एकटाच राहतो आणि लहानपणी एकाने दुसऱ्याला गिळल्याची उदाहरणे आहेत.

वाढीबरोबर पिंकीच्या जागी केस आलेले उंदीर येतात, मग मोठे, आणि जेवणातले अंतर दहा ते चौदा दिवसांवर जाते. प्रौढ साप तीन ते पाच फुटांचा होतो. त्याला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते, चढायला फांद्याही हव्यात. हा प्राणी पंधरा ते वीस वर्षे जगतो, क्वचित त्याहूनही अधिक. सांभाळणे अशक्य झाले तर त्याला दुसरा जाणकार पालक शोधावा, बाहेर सोडू नये: ग्रँड केमन बेटावर हा साप परका असूनही रुजला आहे आणि तिथल्या स्थानिक जीवांना त्याचा उपद्रव होतो.