उसन्या ओळींचे ऋण

परीक्षकाच्या खुर्चीवरून एका विद्यार्थ्याच्या कवितांवर मी एकदा ‘उसन्या ओळी’ असा शेरा मारला होता. त्यानंतर त्याने मला काहीच दाखवले नाही. तो शेरा मला पुन्हा आठवला, तो एका इंग्रजी गीतामुळे.

मँचेस्टरचा ‘द स्मिथ्स’ हा रॉक-वृंद १९८२ ते १९८७ एवढाच काळ टिकला. जॉनी मारचे संगीत आणि मॉरिसीचे शब्द यांनी तेवढ्यात एका पिढीच्या एकाकीपणाला वाचा दिली. ‘द क्वीन इज डेड’ या १९८६च्या ध्वनिमुद्रिकेतील ‘सिमेट्री गेट्स’ या गीतात दोघेजण दफनभूमीत फिरतात. एकाच्या बाजूला कीट्स आणि येट्स, दुसऱ्याच्या बाजूला ऑस्कर वाइल्ड. निवेदक सोबत्याला वाङ्मयचौर्याबद्दल बजावतो; आणि त्याच गीतात शेक्सपिअरचे व एका जुन्या चित्रपटातील संवादाचे पडसाद उमटत राहतात. उपदेश करणारा स्वतःच ऋणको आहे, ही त्यातील खोच.

शीला डिलेनी यांच्या ‘अ टेस्ट ऑफ हनी’ (१९५८) या नाटकातूनही मॉरिसीने पुष्कळ घेतले. ते ऋण त्याने लपविले नाही. १९८७च्या ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’च्या वेष्टनावर डिलेनी यांचेच छायाचित्र आहे. ज्या शब्दांवर आपण वाढलो, ते आपल्या बोलण्यात उतरणारच. प्रश्न उरतो तो त्यांना नवा सूर लाभला की नाही, एवढाच.

त्या मुलाची ओळ कोठून आली, हे मी ताबडतोब ओळखले होते. त्याच्यापाशी येऊन तिचे काय झाले, हे पाहायचे मात्र राहून गेले.